फोन ऐकायची परवानगी देतं कोण?

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा मंजूर केला आणि १८८५ चा टेलिग्राफ कायदा निकालात निघाला. ब्रिटिशकालीन जोखड गेल्याचा गाजावाजाही झाला. (विरोधी बाकांवरचे शंभराहून अधिक खासदार तेव्हा निलंबित होते, त्यामुळे चर्चा नावापुरतीच.) पण नव्या कायद्याचं कलम २० वाचलं की जुनी ओळख पटते. 'सार्वजनिक आणीबाणी' असेल किंवा 'सार्वजनिक सुरक्षिते'साठी गरज असेल, तर सरकार कुणाचाही संदेश अडवू शकतं, ऐकू शकतं. याच दोन अटी इंग्रजांनी १८८५ साली कलम ५ मध्ये घातल्या होत्या. १९७२ च्या दुरुस्तीने त्यात देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, सुव्यवस्था अशी कारणं जोडली आणि ती लेखी नोंदवायला लावली. परवानगी देणारा मात्र सरकारीच राहिला.

न्यायालयं या प्रश्नाकडे उशिरा वळली. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंगवर १९४१ मध्ये दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी तो सुटला, पण पोलिसांच्या नोंदवहीतून सुटला नाही. रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई दारावर थाप मारत, ओरडून उठवत, घरात आहे की नाही ते बघून जात. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क मानायला मात्र बहुमताने नकार दिला. न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं. ते मान्य व्हायला ५५ वर्षं लागली.

पुढचं महत्त्वाचं प्रकरण मुंबईचं. लाच मागितल्याच्या आरोपावरून पोलिसांनी इथल्या कॉरोनरचं (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) बोलणं एका डॉक्टरच्या संमतीने, त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून मुद्रित केलं. १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. निरपराध नागरिकाच्या संभाषणाला संरक्षण आहे, दोषी माणसाला नाही, असा त्याचा रोख होता. ऐकायला ठीक वाटतं. पण दोषी कोण हे फोन ऐकण्याआधी ठरवायचं कुणी?

राजकारण्यांचेच फोन ऐकले जाऊ लागले तेव्हा हा विषय चव्हाट्यावर आला. फोन टॅपिंगच्या आरोपावरून १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. मार्च १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर पाळत ठेवणारे हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई सापडले आणि चंद्रशेखर सरकार गेलं. त्याच महिन्यात राजकारण्यांच्या फोन टॅपिंगवरचा सीबीआयचा अहवाल एका साप्ताहिकाने छापला. त्याच्या आधारे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना न्यायालयात गेली.

आजची सगळी व्यवस्था त्या खटल्याच्या डिसेंबर १९९६ मधल्या निकालावर उभी आहे. फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी हवी, अशी संघटनेचे वकील राजिंदर सच्चर यांची मागणी होती. कायद्यात तशी तरतूद नाही, म्हणून आम्हाला ती घालता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तो मुद्दा तिथेच निसटला, असं मला वाटतं. त्याऐवजी नियम आले: आदेश गृहसचिवांचा, मुदत दोन महिने, फार तर सहा, आणि सचिवांचीच समिती आदेश तपासणार. थोडक्यात, परवानगी सचिवाची आणि तपासणीही सचिवांची.

ही तपासणी होते कशी? निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या डेटा संरक्षणावरच्या समितीच्या २०१८ च्या अहवालात, माहिती अधिकारातल्या उत्तराचा हवाला देऊन, एक आकडा आहे. केंद्रातली समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीपुढे १५ ते १८ हजार आदेश असतात. आठ तास मान वर न करता काम केलं, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये टोळीयुद्धाच्या काळात मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आणला, त्यात फोन ऐकण्याची स्वतंत्र कलमं होती. दूरसंचार हा केंद्राचा विषय, या कारणाने मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सप्टेंबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. परवानगी इथेही गृह खात्याच्या सचिवाचीच. पण मकोकाच्या कलम २७ मध्ये एक चांगली तरतूद आहे. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, त्यातून किती खटले उभे राहिले, याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. केंद्राच्या कायद्यात तेवढंही नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालानंतर तिसऱ्याच महिन्यात २६/११ चा हल्ला झाला. डिसेंबरमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती फारशा चर्चेविना मंजूर झाली. त्यातल्या कलम ६९ मध्ये 'सार्वजनिक आणीबाणी'ची अटच नव्हती. कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढं कारण संगणकातली माहिती बघायला पुरेसं झालं. हल्ल्याच्या धक्क्यात याला विरोध करणं कुणाला परवडणार होतं?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. आणीबाणीत नागरिकांचे हक्क गोठवणारा १९७६ चा निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यात चुकीचा ठरवला. त्या निकालाच्या बहुमतात त्यांचे वडील होते. या हक्काचा फोन टॅपिंगशी खरा सामना मुंबईत झाला. सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप असलेल्या एका उद्योजकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. लाचखोरी गंभीर खरी, पण ती सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असं म्हणत ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली.

उद्योजकाला दाद मागता आली, कारण खटला उभा राहिला आणि मुद्रणं पुरावा म्हणून पुढे आली. खटलाच भरला नाही, तर आपला फोन ऐकला गेला हे कळायला मार्ग नाही; नंतर कळवण्याचं बंधन ना जुन्या कायद्यात होतं, ना नव्यात आहे. आपला फोन 'अमजद खान' या नावाने टॅप केल्याचा आरोप नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत केला. गुन्हे नोंदले गेले, सरकार बदललं, खटल्याला मंजुरी नाकारली गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते गुन्हे रद्द केले. फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या पेगासस या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, तर केंद्राने तिला सहकार्य केलं नसल्याचं ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितलं गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखालचे नियम आले. त्यातही आदेश गृहसचिवांचा आहे आणि तपासणी सचिवांच्या समितीकडे.