पगार परत करणारे स्वार : फिलाडेल्फियाच्या फर्स्ट सिटी ट्रूपची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात मोठा समारंभ असला की मिरवणुकीत एक घोडेस्वार पथक दिसतं. पांढऱ्या विजारी, गुडघ्यापर्यंतचे काळे बूट आणि अस्वलाच्या केसांचा तुरा असलेलं शिरस्त्राण. या पथकाचं पूर्ण नाव फर्स्ट ट्रूप फिलाडेल्फिया सिटी कॅव्हलरी. ही हौशी मंडळींची शोभेची स्वारी असावी, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण या पथकात यायचं तर पेनसिल्व्हेनियाच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यात, रीतसर भरती होऊन सैनिक व्हावं लागतं. शिवाय जुन्या सदस्यांच्या मतदानात निवडून यावं लागतं. कवायतीबद्दल सरकारकडून मिळणारा पगार पथकाला देऊन टाकायचा, ही तिसरी गोष्ट. ही रीत कुठून आली ते पाहायचं तर अडीचशे वर्षं मागे जावं लागतं.

१७ नोव्हेंबर १७७४. ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराचा निर्णय घेऊन पहिली काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, नुकतीच पांगली होती. ती जिथे भरली, त्याच कार्पेंटर्स हॉलमध्ये शहरातले अठ्ठावीस सधन गृहस्थ जमले आणि त्यांनी स्वतःचं घोडदळ उभं केलं. त्यांतले बरेच जण ग्लॉस्टर फॉक्स हंटिंग क्लबचे, म्हणजे कोल्ह्यांच्या शिकारीला एकत्र घोडे फेकणारे. घोड्यावरची मांड पक्की होती आणि एकमेकांची ओळखही. नव्हती ती फक्त लष्करी शिस्त.

घोडा, हत्यार, पोशाख, सगळा खर्च ज्याचा त्याने करायचा. आपल्याकडचा शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई, तसेच हे. फरक एवढाच की शिलेदाराला त्याचा मोबदला मिळे, यांनी तोही घ्यायचा नाही असं ठरवलं. पहिला पोशाख अंगाला आखूड, तपकिरी कोट आणि त्याला पांढरं अस्तर. डोक्यावर रुपेरी दोरी लावलेली काळी गोल टोपी आणि तिच्यावर हरणाच्या शेपटीचा तुरा. खोगिराखालचं कापडही तपकिरीच, पांढऱ्या काठाचं. त्यावर ‘एल. एच.’ ही लाइट हॉर्सची, म्हणजे हलक्या घोडदळाची, अक्षरं विणलेली होती.

पहिला कप्तान अब्राहम मार्को. हा मूळचा कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावरचा, डेन्मार्कच्या राजाचा प्रजाजन. १७७५ मध्ये त्याने पथकाला पिवळ्या रेशमाचं निशाण दिलं. त्याच्या कोपऱ्यात निळ्या आणि रुपेरी मिळून तेरा पट्ट्या आहेत. तेरा वसाहतींसाठी तेरा पट्ट्या वापरल्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत या निशाणाची गणना होते आणि पथकाने ते आजवर जपून ठेवलं आहे. पुढे डेन्मार्कच्या राजाने आपल्या प्रजेला वसाहतींच्या ब्रिटनविरुद्धच्या बंडात पडायची मनाई केली, तेव्हा मार्कोला पद सोडावं लागलं. त्याच्या जागी सॅम्युएल मॉरिस आला. तो क्वेकर घराण्यातला, म्हणजे युद्ध वर्ज्य मानणाऱ्या पंथातला, हे विशेष.

जून १७७५ मध्ये वसाहतींच्या फौजेचा सरसेनापती म्हणून निघालेल्या जॉर्ज वॉशिंग्टनला हेच स्वार न्यूयॉर्कपर्यंत पोचवायला गेले. मानवंदनेचं काम असं पहिल्या वर्षापासूनचं आहे. पण दीड वर्षाने, १७७६च्या डिसेंबरात, हीच माणसं बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनच्या लढाईला गेली. त्यानंतर प्रिन्स्टनच्या वाटेवर टेहळणी करताना त्यांच्यातल्या मूठभर स्वारांनी एका घराला अचानक घेरलं आणि आतल्या डझनभर ब्रिटिश स्वारांना शस्त्रं खाली ठेवायला लावली. या कैद्यांकडून शत्रूच्या हालचालींची खबर मिळाली आणि पुढच्या चालीसाठी ती मोलाची ठरली. २३ जानेवारी १७७७ रोजी पथकाला निरोप देताना वॉशिंग्टनने लिहिलं की ही श्रीमंत माणसं असूनही शिस्त आणि आज्ञापालन यांचा त्यांनी उत्तम धडा घालून दिला. मला या पत्रातलं ‘आज्ञापालन’ सर्वांत महत्त्वाचं वाटतं. घरी नोकरचाकर असलेल्या माणसांनी थंडीत पहाऱ्याला उभं राहणं सोपं नव्हतं.

युद्धकाळाचा पगार त्यांनी स्वतः घेतला नाही. शहरातल्या गरीब बाळंतिणी आणि टाकून दिलेल्या अर्भकांच्या इस्पितळासाठी तो देऊन टाकला. पगार परत करण्याच्या रिवाजाचं मूळ इथे आहे.

१७८९च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला निघाला, तेव्हा पथक पुन्हा हजर होतं. फिलाडेल्फियातून पुढे निघायच्या दिवशी हवा बिघडली. आपल्याला बंद गाडीतून जावं लागणार, मग स्वारांना भिजवत सोबत नेणं बरं नाही, म्हणून त्याने त्यांना नम्रपणे नको म्हटलं.

नंतरच्या काळात हे पथक यादवी युद्धात, १८९८ मध्ये पोर्टो रिकोत, १९१६ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर आणि दोन्ही महायुद्धांच्या वेळी सेवेत होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोड्यांची जागा यंत्रांनी घेतली. अलीकडे याच पथकाचे सैनिक बोस्निया आणि इराकमध्ये जाऊन आले.

सदस्य निवडून घ्यायच्या पद्धतीमुळे पथक पिढ्यानपिढ्या शहरातल्या जुन्या, धनिक घराण्यांच्या हातात राहिलं, हेही सांगायला हवं. ज्यांची ओळखदेख नव्हती त्यांना हे दार सहज उघडत नसे. या इतिहासातली ती उणी बाजू आहे आणि पगारदानाच्या अभिमानाखाली ती झाकू नये. तरीही आत आल्यावर घराण्याला सूट नाही. सुरुवात साध्या सैनिकापासून होते आणि बोलावणं आलं की लढाईच्या ठिकाणी जावंच लागतं.

आज त्यांच्या लष्करी कामाला गाड्या आहेत, घोडे फक्त समारंभांपुरते आणि तेही सरकारी नाहीत. तेविसाव्या रस्त्यावरची १९०१ची किल्लेवजा इमारतसुद्धा पथकाच्या मालकीची आहे आणि तिथेच नॅशनल गार्डची कवायत चालते.