बिल थकलं: सुविधा परिषदेत जायचं की समरी सूट लावायची?

काम पोचलं, इनव्हॉइस गेलं, दोन-तीनदा आठवणही करून झाली. तरी क्लायंटचं उत्तर एकच, ‘अकाउंट्सकडे टाकलंय’. अशा वेळी फ्रीलान्सरला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, ‘एमएसएमईत तक्रार टाक’, म्हणजे छोट्या उद्योगांची थकबाकी सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेत जा. दुसरा म्हणतो, ‘समरी सूट लाव’, म्हणजे कागदावर ठरलेल्या रकमेसाठी दिवाणी न्यायालयात झटपट दावा लाव. दोन्हींची सुरुवात साधारणपणे वकिलाच्या नोटिशीने होते आणि दोन्ही वाटा झटपट म्हणून सांगितल्या जातात, त्यामुळे त्यांची सर्रास सरमिसळ होते. परिषद आधी बघते तुम्ही कोण आहात. समरी सूट बघते तुमच्या हातात कोणता कागद आहे. नोटिशीवर पैसे घालवण्याआधी ह्या दोन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात.

परिषदेचा आधार म्हणजे २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा. नावात मध्यम असले तरी थकबाकीचं संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. एकट्याने काम करणारा अनुवादक, डिझायनर किंवा प्रोग्रॅमरही सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी केली की सेवा पुरवणारा सूक्ष्म उद्योग ठरतो. नोंदणी आधार आणि पॅनवर होते, पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी एजंटांची असतात.

कलम १५ सांगतं की लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, पण ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करारात ‘९० दिवसांनी पेमेंट’ लिहिलेलं असलं तरी ४५ दिवसच धरायचे. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. मोजणी सुरू होते काम स्वीकारल्यापासून, आणि पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. म्हणून शेवटच्या फाइल्स व्हॉट्सअॅपवर सुट्या सुट्या पाठवू नयेत. ‘करारानुसार अंतिम फाइल्स सोबत जोडल्या आहेत’ असं एक ईमेल जावं आणि इनव्हॉइस त्याच साखळीत असावं.

मुदत उलटली की कलम १६ चं व्याज लागतं: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. डिसेंबर २०२५ मध्ये बँक रेट ५.५० टक्के होता, म्हणजे व्याज १६.५० टक्के. दोन लाखांवर वर्षभरात सुमारे ३५,६०० रुपये. करारात व्याजाचा शब्द नसला तरी हे मागता येतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ह्या मुदतीपलीकडे थकवलं तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत क्लायंटला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. नोटिशीत हे एका ओळीत लिहाच. मालक दुर्लक्ष करतो, त्याचा सीए करत नाही.

अर्ज ऑनलाइन होतो. २०१७ पासून समाधान पोर्टल होतं, जून २०२५ मध्ये ओडीआर (ऑनलाइन वाद निवारण) पोर्टल आलं. उद्यम क्रमांक, वर्क ऑर्डर किंवा ईमेल आणि इनव्हॉइस लागतात. प्रकरण तुमच्या भागातल्या परिषदेकडे जातं; क्लायंट भारतात कुठेही असो, त्याला तिथे यावं लागतं. नाशिकच्या माणसाला दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत, हा फायदा व्याजापेक्षाही मोठा. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला की लवाद, म्हणजे दोन्ही बाजू ऐकून बंधनकारक निवाडा. समेटाची पायरी गाळून दिलेला निवाडा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा क्लायंट पहिल्याच तारखेला गैरहजर राहिला आणि परिषद थेट आदेश द्यायला निघाली तर खूश होऊ नका. समेट फसल्याची आणि लवाद सुरू झाल्याची नोंद करून घ्या. कायद्यात निकालासाठी ९० दिवस आहेत, पण त्या आकड्यावर घरखर्चाचं गणित मांडू नये.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नोंदणीच्या तारखेवर. बिल थकल्यावर उद्यम काढायचं आणि जुन्या बिलासाठी अर्ज करायचा, हे २०२१ आणि २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनुसार चालत नाही. काम देण्याआधी नोंदणी हवी. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने ह्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. त्या आशेवर अर्ज करता येतो, पण क्लायंटचा वकील पहिलाच आक्षेप हा घेणार. इंटिरियरवाल्यांनी आणखी एक बघावं: डिझाइन फी आणि साहित्यासकट प्रत्यक्ष काम एकाच करारात असेल तर ‘हे वर्क्स काँट्रॅक्ट आहे, परिषदेत चालत नाही’ असा बचाव येतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केलेला आहे. दोन वेगळे करार केलेले बरे.

समरी सूटला उद्यम लागत नाही. हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा दावा. अट एवढीच की रक्कम ठरलेली हवी आणि ती लेखी करारातून, वचनचिठ्ठीतून किंवा तशा दस्तातून आलेली हवी. क्लायंटने सही केलेला करार किंवा त्याने ईमेलवर ‘मंजूर’ लिहिलेलं कोटेशन चालतं. स्वीकारलेल्या इनव्हॉइसवरही असे दावे चाललेले आहेत. मात्र तुम्ही एकतर्फी पाठवलेलं, उत्तर न आलेलं इनव्हॉइस लंगडं पडतं. तोंडी ठरलेलं काम असेल तर हा नाद सोडा, साधा वसुली दावा लावा.

समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत क्लायंटने हजेरी लावली नाही तर थेट हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा वसुलीचा आदेश, मागता येतो. हजेरी लावली तर तुम्ही निकालासाठीचं समन्स काढायचं, आणि त्यानंतर १० दिवसांत त्याला प्रतिज्ञापत्रावर बचावाची परवानगी मागावी लागते. बचाव तकलादू वाटला तर न्यायालय परवानगी नाकारतं, किंवा ‘आधी रक्कम भरा’ अशी अट घालतं. बिनशर्त परवानगी मिळाली की मात्र दावा साध्या दाव्यासारखाच चालतो, आणि झटपटपणा तिथेच संपतो. त्यामुळे क्लायंटचं ‘दोन बदल राहिलेत’ असं जुनं ईमेल अनुत्तरित असेल, तर दाव्याआधी तो मुद्दा लेखी निकालात काढा.

दाव्यात हमखास होणारी चूक म्हणजे मानसिक त्रासाचे पन्नास हजार जोडणं. नुकसानभरपाई ही ठरलेली रक्कम नव्हे. ती घातली की दावा ऑर्डर ३७ च्या बाहेर फेकला जाऊ शकतो. करारात नसलेला व्याजदर मागतानाही सांभाळून. क्लायंटने टीडीएस कापून भरला असेल तर तेवढी रक्कम मागणीतून वजा करा, आणि फॉर्म २६एएस चा (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या नोंदीचा) तो उतारा पुरावा म्हणून जोडा. ‘आम्ही हे काम दिलंच नव्हतं’ म्हणणाऱ्याने तुमच्या पॅनवर कर का भरला, ह्याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. परिषदेतही हा उतारा उपयोगी पडतो.

मागणी तीन लाख किंवा जास्त असेल तर सेवा करारावरचा दावा वाणिज्य न्यायालयात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आधी मध्यस्थीसाठी जाणं सक्तीचं आहे. ती पायरी चुकवली तर दावा नाकारला जातो. कोर्ट फी रकमेनुसार भरावी लागते. करारात ‘फक्त गुरुग्रामची न्यायालये’ असं कलम असेल तर दावा गुरुग्रामला. लवादाचं कलम असेल तर क्लायंट दावा थांबवून लवादाकडे नेऊ शकतो. परिषदेपुढे तेच लवादाचं कलम आडवं येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालात ठरलं आहे.

दाव्याला मुदत तीन वर्षांची. मुदत संपण्याआधी क्लायंटने लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली तर तिथून नवी तीन वर्षं मोजतात. म्हणून फोनवर गयावया करण्यापेक्षा ‘एवढी बाकी बरोबर आहे ना, कधी देता?’ असं ईमेल करा. ‘पुढच्या महिन्यात देतो’ हे उत्तर कामाला येतं. परिषदेतल्या समेटासाठी मुदतबाह्य येणंही नेता येतं, लवादासाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं.

निकालानंतर परिषदेची बाजू वरचढ ठरते. तिच्या निवाड्याला आव्हान देताना क्लायंटला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हुकूमनाम्यावरच्या अपिलात अशी ठरावीक टक्केवारी नाही. पण दोन्हींकडे पैसे आपोआप येत नाहीत. दिवाणी न्यायालयात दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकावी लागते. तिथे क्लायंटच्या मालमत्तेची आणि बँक खात्याची माहिती तुम्हीच द्यायची असते. आधीचा एखादा हप्ता एनईएफटीने आला असेल तर कोणत्या बँकेतून आला ते स्टेटमेंटवरून शोधून ठेवा, आणि क्लायंटचा जीएसटी क्रमांक व तिथला नोंदणीकृत पत्ता आजच उतरवून घ्या.