गणेशखिंडीतली हिरवळ आणि वाटेवरचे वड

पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरची हिरवळ श्रावणात बघावी. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम म्हणून ही वास्तू उभी राहिली. बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये काम सुरू झालं, १८७१ मध्ये संपलं. साहेब उन्हाळ्यात महाबळेश्वरला, थंडीत मुंबईला. मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सरासरी सातशेच्या आसपास; म्हणून पावसाळा इथे. साहेब मुक्कामी असायचे तेव्हा बागेचं शिंपणं आभाळच करायचं.

चैत्र-वैशाखात मात्र खरी परीक्षा. गवताची मुळं उथळ. खाली दख्खनचा बेसाल्ट: थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. वरचा थर सुकला की हिरवळ करपते.

माझं मन रमतं ते बंगल्याकडे येणाऱ्या वाटेवर, गणेशखिंड रस्त्यावरच्या जुन्या वडांत. (२२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडला गाठलं ते याच रस्त्यावर.) वडाची मुळं मुरमाच्या भेगांतून खोल शिरतात आणि हिरवळ करपते तेव्हाही पाणी ओढतात. ते पाणी पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते. तेवढंच पाणी २५ अंशांवरून नुसतं उकळीला आणायला लागते त्याच्या सातपटीहून जास्त. ही उष्णता पानं आणि भोवतीच्या हवेतून जाते. वडाखालचा गारवा नुसत्या सावलीचा नाही, तो असा.

पारंबी जवळून पाहा. शेंडा कोवळा, फिकट. वर करड्या सालीवर बारीक पुटकुळ्या. त्या पुटकुळ्या म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटा. शेंडा मातीला टेकला की पारंबी जाड होत जाते आणि फांदीचा खांब बनते. रस्त्यावर वाहनांना अडतात म्हणून पारंब्या छाटल्या जातात, आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट चढतं. मुळांनाही श्वासाला ऑक्सिजन लागतो. माती बंद झाली की ती गुदमरतात. फांद्या लांबत राहतात, आधार मात्र मिळत नाही. मग वादळात झाड कोसळलं की आपण वाऱ्याला दोष देतो.

रस्ते रुंद करताना या झाडांचा हिशेब रोपांच्या संख्येत मांडू नये, असं मला ठाम वाटतं. शंभर वर्षांच्या वडाचा पर्णसंभार दहा रोपांत येत नाही. बुंध्याभोवती माती उघडी ठेवली, बांबूच्या पोकळ नळीत माती भरून पारंबी त्यातून खाली उतरवली, तर कडेच्या फांद्यांना रस्त्याकाठीही खांब मिळू शकतात.