गाय मेली नाही, पण...

लाळ्या-खुरकूत झालेली मोठी गाय सहसा मरत नाही. नुकसानीचा हिशेब तिथेच फसतो. २०२२ साली लम्पी हा गुरांचा दुसरा साथरोग आला, तेव्हा राज्य सरकारने दगावलेल्या दुधाळ गायीमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये दिले. मेलेल्या जनावराचा पंचनामा होतो. जगलेल्याचा कसला करणार?

लाळ्या-खुरकूतच्या विषाणूने जिभेवर, हिरड्यांवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात. फोड फुटला की जिभेची सालटी निघते. गाय गव्हाणीत तोंड घालते, चारा हुंगते आणि मान फिरवते. लाळेच्या तारा खाली लोंबत असतात. समजा, १० लिटरची गाय ४ लिटरवर आली आणि दोन महिने तशीच राहिली. ३० रुपये भावाने १०,८०० रुपये गेले. पेंड मात्र चालूच, औषधं वेगळी. शिवाय गाय वेळेवर माजावर येत नाही, पुढचं वेत लांबतं. काही जनावरं तर बरी झाल्यावरही उन्हाळा सोसत नाहीत, सावलीत उभी राहून धापा टाकतात. लहान वासरांचं याहून वाईट: विषाणू थेट हृदयाच्या स्नायूला धरतो आणि काल उड्या मारणारं वासरू सकाळी मेलेलं सापडतं.

ऊसतोडीच्या हंगामात बैलाच्या खुरात जखम झाली, तर गाडी उभी. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र फिटायची राहते.

देशाच्या पातळीवर फटका निर्यातीला बसतो. रोगमुक्त देश आपलं कच्चं मांस सहसा घेत नाहीत. बाकीच्यांना आपण म्हशीचं मांस हाडं आणि लसिका ग्रंथी काढून पाठवतो. कापल्यानंतर थंडाव्यात ठेवलेल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होतं, सामू (आम्लतेचं माप, pH) ६ च्या खाली जातो आणि विषाणू निकामी होतो. हाडांतल्या मज्जेपर्यंत हे आम्ल पोचत नाही, म्हणून हाडंच काढायची. एका विषाणूपायी केवढा हा खटाटोप!

२०१९ मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (गाभण जनावरं गाभडवणारा रोग) यांच्यासाठी पाच वर्षांचा १३,३४३ कोटींचा लसीकरण कार्यक्रम सुरू केला. लसीचं संरक्षण साधारण सहा महिने टिकतं, त्यामुळे ती वर्षातून दोनदा टोचावी लागते, तीही फुकट. तरी डॉक्टर आले की काही जण गायी मळ्यात नेऊन बांधतात. लसीनंतर एक-दोन दिवस दूध थोडं कमी येतं, आणि ती घट डेअरीच्या पावतीवर लगेच दिसते ना!