‘नेट मधेच जातंय’ : आम्हाला फोन करण्याआधी घरात काय बघाल

नेट पूर्ण बंद पडलं तर आमचं काम सोपं असतं. तार तुटलेली सापडते, नाहीतर डबा जळालेला सापडतो, आणि विषय मिटतो. डोकं खातं ते येऊन-जाऊन असणारं नेट. दिवसातून सातदा जातं, दोन मिनिटांत आपोआप परत येतं, आणि आमचा माणूस दारात उभा राहिला की इतकं सुरळीत चालतं की तक्रार करणाऱ्यालाच ओशाळायला होतं. डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की दात दुखायचा थांबतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून हे पत्रक. नेट जातं त्या क्षणी तुम्ही तिथे असता, आम्ही नसतो. त्या दोन मिनिटांत तुम्हाला जे दिसतं ते नंतर आमच्या मीटरलाही दिसत नाही.

आधी दिवे बघा, मग बटण दाबा

नेट गेलं की हात थेट स्विचकडे जातो. बंद-चालू केल्यावर बऱ्याचदा नेट येतंही. पण त्याबरोबर पुरावाही जातो. कुठला दिवा लाल होता, कुठला विझला होता, राउटरने स्वतःच्या नोंदवहीत काय लिहिलं होतं, यातलं काही उरत नाही. तेव्हा अर्धं मिनिट नुसतं बघा आणि मोबाइलने डब्यांचा फोटो काढून ठेवा.

फायबरच्या जोडणीत दोन यंत्रं असतात. काचेची बारीक तार ज्यात येते तो ओएनटी, आणि वायफाय देतो तो राउटर. कधी दोन्ही एकाच डब्यात असतात. ओएनटीवर ‘एलओएस’ असा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करून काही होणार नाही, दोष तारेत आहे. ‘पॉन’ लिहिलेला दिवा लुकलुकतच राहिला तर प्रकाश येतोय, पण पलीकडच्या यंत्राशी बोलणं जुळत नाहीये. एलओएस विझलेला, पॉन स्थिर हिरवा आणि तरी नेट नाही, तर मग राउटरकडे आणि वायफायकडे वळा.

आणि सगळेच दिवे एकदम विझून पुन्हा लागले, तर नेटला दोष देऊ नका, वीज बघा. एका घरी रोज संध्याकाळी नेट जायचं. आम्ही लाइन तपासली, वायफाय तपासलं, हाती काही लागेना. शेवटी घरातल्या मुलीने सहज सांगितलं, ‘नेट जातं तेव्हा डब्यावर पूर्ण काळोख होतो.’ जुना अॅडॉप्टर बिघडल्यावर त्यांनी घरातला दुसरा लावला होता. राउटरला हवा होता १२ व्होल्ट, दीड अँपिअर. लावलेला होता १२ व्होल्ट, अर्धा अँपिअर. पिन बसली म्हणजे अॅडॉप्टर जुळला असं होत नाही. दुपारी दोन मोबाइलपुरतं भागायचं, संध्याकाळी सगळे घरी आले की राउटरला दम लागायचा. व्होल्टचा आकडा तंतोतंत तोच हवा, अँपिअरचा तेवढा किंवा जास्त चालतो. दोन्ही आकडे राउटरच्या पाठीवर किंवा तळाला छापलेले असतात.

फोटो काढून झाला की खुशाल बंद-चालू करा, पण नीट. दोन्ही डब्यांची वीज काढा, अर्धं मिनिट थांबा, आधी ओएनटी लावा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग राउटर. मात्र पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. ते ‘रीसेट’ आहे, ‘रीस्टार्ट’ नव्हे. त्याने राउटरमध्ये भरलेलं जोडणीचं नाव, पासवर्ड, सगळी मांडणी पुसली जाते आणि मधेच जाणारं नेट कायमचं जातं. आमच्या कितीतरी फेऱ्या या टाचणीपायी झाल्या आहेत.

गेलं काय, नेट की वायफाय?

‘नेट गेलं’ या दोन शब्दांत निदान तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. वेगळी करायची सोपी युक्ती म्हणजे वायर. लॅपटॉप नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडा आणि एक-दोन दिवस तसंच काम करा. मोबाइलचं जातंय पण वायरवरचं चालू आहे, तर बाहेरची लाइन ठणठणीत आहे आणि गडबड तुमच्या भिंतींच्या आत, हवेत आहे. दोन्हीचं एकदम जात असेल तर राउटर किंवा बाहेरची लाइन.

याहून नेमकं हवं असेल तर पिंग लावा. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला दर सेकंदाला मारलेली हाक. ओ आली की किती मिलिसेकंदांत आली ते पडद्यावर उमटतं. लॅपटॉपची वायर काढून तो पुन्हा वायफायवर घ्या आणि त्यावर दोन काळ्या खिडक्या (विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’) उघडा. हाक मारायची म्हणजे तिथे ping लिहून पुढे पत्ता टाकायचा. एकीत राउटरला हाक मारा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, वायफायच्या माहितीत ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या नावापुढे तो सापडेल. दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. गूगलचा ८.८.८.८ लक्षात ठेवायला सोपा. विंडोजमध्ये पिंग चारच हाका मारून थांबतं, ते चालू ठेवायला शेवटी उणे चिन्ह आणि इंग्रजी टी जोडावा लागतो. आता तुमचं काम करत बसा. नेट अडलं की खिडक्यांकडे नजर टाका.

राउटरच ओ देत नसेल, किंवा एरवी दोन-चार मिलिसेकंदांचा आकडा शेकड्यात उडत असेल, तर बहुधा वायफायचं दुखणं. राउटर ओ देतोय आणि बाहेरचा गप्प आहे, तर लाइन किंवा तिच्याही पलीकडचं काही. दोघेही ओ देतायत आणि तरी एकही साइट उघडत नाही, तर बहुधा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. राउटरमध्ये दुसरा डीएनएस भरला की हे सुटतं. आणि एकच साइट उघडत नसेल तर बहुधा ती साइटच बसली आहे. त्यासाठी आम्हाला बोलावू नका, आम्ही येऊन तुमच्याबरोबर वाट बघण्यापलीकडे काही करू शकत नाही.

वेळ लिहून ठेवा

खरं सांगायचं तर या पत्रकातलं एवढंच तुम्ही केलंत तरी आमचं अर्धं काम झालं. ‘सारखं जातं’ यावरून काही कळत नाही. डब्याशेजारी एक वही ठेवा. एका ग्राहकांच्या वहीतल्या या दोन ओळी बघा:

मंगळवार, रात्री ९:१०. दोन मिनिटं. एलओएस लाल. बाहेर जोराचा वारा.

बुधवार, सकाळी ७:४०. पाच मिनिटं. दिवे ठीक. वायरवर चालू, मोबाइलवर बंद.

त्यांना वाटत होतं, एकच रोग आहे. होते दोन. बाहेरच्या खांबावरचा सांधा वाऱ्याने हलत होता, आणि घरातला राउटर अधूनमधून वायफायचं चॅनल, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातली आपली जागा, बदलत होता. वही नसती तर आम्ही खांबावरचा सांधा नीट केला असता आणि बुधवारी पुन्हा त्यांचा फोन आला असता.

वायफायची रड

राउटर कुठे आहे? कपाटात, टीव्हीच्या मागे, जमिनीवर, धातूच्या पेटीवर ठेवलेला असेल तर आधी तो बाहेर काढा. दिसायला बरा दिसत नाही हे मान्य, पण उघड्यावर, छातीएवढ्या उंचीवर, घराच्या शक्य तितक्या मध्यावर राउटर असला की निम्म्या तक्रारी उरतच नाहीत. मोठा आरसा, लोखंडी कपाट, माशांची काचपेटी, सळयांची जाड भिंत, हे लहरींचे अडथळे आहेत. पाणी तर लहरी पिऊनच टाकतं.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन, तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. ओव्हन लावला की व्हिडिओ अडत असेल तर हा योगायोग नाही. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. ‘गर्दी टाळायला’ म्हणून ३ किंवा ४ निवडणं म्हणजे दोन भांडणांच्या मधोमध खुर्ची टाकून बसणं. ५ गिगाहर्ट्झला जागा मोकळी आणि वेग जास्त, पण भिंत आली की दम तोडतो. राउटर असलेल्या खोलीत ५ वापरा, दोन भिंतींपलीकडे २.४.

५ गिगाहर्ट्झमधली एक खोच फार कमी जणांना माहीत असते. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारचा पहिला हक्क असतो. राउटरला तिथे रडारची चाहूल लागली की नियमाप्रमाणे त्याला ते चॅनल ताबडतोब सोडावं लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर गेला तर बोलण्याआधी निदान मिनिटभर कान देऊन ऐकावं लागतं. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की वायफायचं नाव गायब झालं आणि मिनिटाभराने परत आलं. असं होत असेल तर चॅनल ‘ऑटो’वरून काढून ३६ ते ४८ मधलं एक पक्कं करा. वरच्या वहीतल्या बुधवारचा इलाज हाच होता.

रिपीटर (वायफाय पकडून पुढे पोचवणारा डबा) घेतला असेल तर तो रेंज नसलेल्या खोलीत लावू नका. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? चांगली रेंज जिथे संपत येते त्याच्या थोडं अलीकडे लावा. जमत असेल तर रिपीटरच्या भानगडीत न पडता त्या खोलीपर्यंत वायर ओढून घ्या. आम्ही उपकरणं विकतो, तरी हेच सांगू.

वेग कमी, पण नेट जात नाही

मीटिंगमध्ये आवाज तुटतो, आणि स्पीड टेस्ट मात्र छान येते? मग कोणाचा मोबाइल ढीगभर फोटो वर चढवतोय का बघा. वर जाण्याची वाट भरली की लहानसहान निरोपसुद्धा रांगेत अडकतात. २० मिलिसेकंदांचं पिंग ५०० वर जातं. फोटोंचं चढवणं थांबवून लगेच पिंग बघा, आकडा खाली आला तर चोर सापडला. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ची, म्हणजे कोणाला किती वाट द्यायची ते ठरवण्याची, सोय असेल तर वर जाण्याची मर्यादा मिळणाऱ्या वेगाच्या थोडी खाली बांधून देता येते.

वायरवर स्पीड टेस्ट केली आणि प्लॅन ३०० मेगाबिटचा असून आकडा दर वेळी ९४ च्या आसपास अडकतो, तर लाइनवर संशय घेऊ नका. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला (१००० मेगाबिट) चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एक तार तुटली, पिन नीट दाबली गेली नाही, की जोडणी गुपचूप १०० वर उतरते, आणि त्यातून हाती येतात साधारण ९४. केबल बदलून बघा. आणि तुलना करताना मेगाबिट-मेगाबाइटचा घोळ करू नका. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइटने उतरते. ते बरोबरच आहे.

काचेची तार

फायबर दिसतो प्लास्टिकच्या दोरीसारखा, म्हणून लोक त्याला दोरीसारखंच वागवतात: खिळ्याला अडकवतात, कोपऱ्यात काटकोनात दुमडतात, खणात चेपतात. एका घरी टेबलाचा खण बंद केला की नेट जायचं आणि उघडला की यायचं. तार खणाच्या कडेखाली येत होती. जास्तीची तार गुंडाळायचीच असेल तर बशीएवढं सैल वेटोळं करा.

ज्या वाटेने प्रकाश जातो तो काचेचा गाभा अवघा ९ मायक्रॉन जाडीचा असतो, केसाहून कितीतरी बारीक. त्याच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला तरी वाट अडते. म्हणून हिरवी पिन उगाच काढून-घालून बघू नका, तोंडाला बोट लावू नका, फुंकर मारून साफ करू नका. उघड्या टोकात डोळा लावून तर मुळीच बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

काही ओएनटींच्या सेटिंगच्या पानावर आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो, डीबीएम या मापात आणि उणे चिन्हासह. उणे २० चांगला. उणे २७ च्या आसपास असेल तर तार काठावर उभी आहे. थोडी हलली, सांध्यात ओल गेली, की जोडणी सुटते. आकडा ३ ने खाली गेला की प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे दोन-तीन अंकांचा फरक किरकोळ समजू नका. नेट चांगलं चालू असताना हा आकडा वहीत एकदा टिपून ठेवा. पुढे तक्रार आली की दोन्ही ताडून बघता येतात.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर नेट असेल तर फोनचा रिसीव्हर उचलून ऐका. खरखर येत असेल तर सांध्यात पाणी शिरलं असण्याची शक्यता आहे. पावसातच नेट जातं म्हणणाऱ्यांचं बहुधा हेच असतं.

फोन कराल तेव्हा

नेट वायरवरही जातं की फक्त वायफायवर, गेल्या दोन-तीन वेळा किती वाजता गेलं, तेव्हा कुठले दिवे कसे होते, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात घरात काय हललं-बदललं, एवढं सांगा. फर्निचर सरकवलं, रंगकाम झालं, नवा टीव्ही आला, हे सगळं सांगण्यासारखंच आहे. दुसरा राउटर स्वतः जोडला असेल तर तेही न लाजता सांगा. दोन्ही राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते वाटत सुटले की कोणाचं नेट कधी जाईल याचा नेम राहत नाही, आणि ते आम्हाला शोधायला वेळ लागतो.

आम्ही येऊ तेव्हा राउटरचा पासवर्ड माहीत असलेलं कोणीतरी घरी असावं. वही आणि फोटो हाताशी ठेवा. डबा कपाटावर असेल आणि तिथे हात पोचायला शिडी लागत असेल, तर फोनवरच सांगा, आम्ही घेऊन येतो.