नैर्ऋत्येची भिंतच ओली का होते?

ऑगस्ट उजाडला, घराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ओल उमटली, रंगाचे पोपडे सुटले, की कोल्हापुरात दोन माणसांना बोलावणं जातं. वास्तुवाला म्हणतो, नैर्ऋत्येला दोष आहे, कपाट हलवा. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, दहा वर्षांच्या गॅरंटीचं कोटिंग मारा. पहिल्याचं दिशेपुरतं बरोबर आहे! आपला मोसमी पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे भिजायचं ते दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींनी आणि त्या जिथे मिळतात त्या कोपऱ्याने. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांवर येतो. म्हणजे तिथे ओल नेमकी देवघराच्या कोपऱ्यात यायची. आता काय हलवणार?

झडीच्या पावसाचं गणित सोपं आहे. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण 4 मीटर वेगाने खाली येतो. वाराही तेवढाच, म्हणजे ताशी 14-15 किलोमीटर असला, की थेंब 45 अंशांनी तिरपा होतो आणि जमिनीवर जेवढं पाणी पडतं जवळपास तेवढंच उभ्या भिंतीकडे निघतं. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. 55 किलोमीटरवरच्या गगनबावड्याला पाच हजारांच्या वर.

आता सार्वत्रिक गैरसमज: वारा पाणी भिंतीतून आत ढकलतो. ढकलतो, पण किती? ताशी 72 किलोमीटरचा वारा भिंतीवर जो दाब देतो तो जेमतेम अडीच सेंटीमीटर उंच पाण्याच्या थराएवढा. खरा चोर वेगळाच आहे. वीट पाणी ओढून घेते.

याला केशाकर्षण म्हणतात, शाळेत आपण काचेच्या बारीक नळीत ते पाहिलेलं असतं. समईची वात तेल वर ओढते तशी वीट पाणी ओढते. पाण्याचे रेणू छिद्राच्या भिंतीला चिकटतात आणि शेजारच्या रेणूंनाही ओढत नेतात. छिद्र जितकं बारीक, तितकी ओढ जास्त. काच किंवा वीट अशा ओल्या होणाऱ्या पृष्ठभागासाठी एक सोपा हिशेब लक्षात ठेवा: 15 ला छिद्राच्या मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागा, पाणी किती मिलिमीटर चढेल ते मिळतं. त्रिज्या 0.1 असेल तर 150 मिलिमीटर. 0.01 असेल तर दीड मीटर! त्या वादळी वाऱ्याच्या अडीच सेंटीमीटरसमोर ही साठपट ओढ. विटेत याहूनही बारीक छिद्रं असतात.

पण याच नियमाची दुसरी बाजू मला जास्त आवडते. केशाकर्षण पाणी आत घेतं, बाहेर सोडत मात्र नाही. छिद्राच्या दुसऱ्या तोंडाशी पाणी पोचलं की पुढे चिकटायला काही नसतं. पृष्ठभाग फुगून थेंब व्हायचा तर मागून दाब हवा, आणि बारीक छिद्राला तो फार हवा. म्हणून पाणी तोंडाशी अडतं. मग नऊ इंची भिंतीतून ते खोलीत कसं येतं? विटेला टेकून गिलावा असतो. त्याची छिद्रं विटेच्या छिद्रांना भिडलेली असतात, वात तुटतच नाही. पुढे खोलीतल्या पृष्ठभागावर पाणी वाफ होऊन उडतं, त्यातले क्षार मागे राहतात, आपण म्हणतो लोणा लागला.

तर मग वात तोडा. विटांच्या दोन पातळ भिंती, मध्ये साधारण पाच सेंटीमीटर पोकळी, म्हणजे पोकळ भिंत. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात असं बांधकाम सुरू झालं आणि विसाव्या शतकात ते सर्रास झालं. त्यात बाहेरची भिंत भिजणार हे गृहीतच धरलेलं असतं. वीट आणि मसाला यांच्यातल्या केसाएवढ्या फटींतून थोडं पाणी आतल्या अंगाला येतंच, पण पाच सेंटीमीटर ओलांडायला त्याला पूल नाही. ते गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळतं.

सगळी कला आता तळाशी. पोकळीच्या तळाला न झिरपणारा पडदा बसवतात. तो आतल्या भिंतीत वर खोचलेला आणि बाहेरच्या भिंतीकडे उतरता असतो. पडद्याच्या लगेच वर बाहेरच्या थरात काही उभे सांधे मसाल्याविना मोकळे ठेवतात, साठ ते नव्वद सेंटीमीटरवर एक. करूळ किंवा आंबा घाटातल्या संरक्षक भिंतींतून पाणी टाकणारी भोकं सगळ्यांनी पाहिली आहेत. काम तेच. भोक किती मोठं? पुन्हा तोच 15 चा हिशेब. दीड मिलिमीटर त्रिज्येच्या भोकाच्या तोंडाशी लटकलेला थेंब मागचं एक सेंटीमीटर पाणी अडवून धरू शकतो. म्हणून भोक निदान सहा मिलिमीटर व्यासाचं लागतं, पूर्ण मोकळा सांधा उत्तम.

घोळ होतो तो बांधताना. करणीवरचा मसाला पोकळीत पडतो, खाली साठतो, भोकं बुजतात आणि दोन भिंतींमध्ये आयता पूल तयार होतो. शहाणा गवंडी पोकळीच्या मापाची लाकडी पट्टी दोरीला बांधून आत ठेवतो आणि थर चढेल तशी मसाल्यासकट वर ओढून झाडतो. दोन भिंतींना जोडणारे धातूचे आकडे आत उतरते बसले तर पाणी त्यांच्यावरून चालत येतं. आकड्याच्या मध्यभागी मुद्दाम पीळ किंवा खाच असते, थेंब तिथेच गळून पडावा म्हणून.

आणि एवढं नीट झाल्यावर पाचेक वर्षांनी रंगारी येतो. 'साहेब, भोकं राहिलीत, पाली-विंचू शिरतील.' लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देतो, भिंत छान दिसते. पुढच्या जुलैत पडद्यावर पाण्याचं तळं. भीती खोटी नाही, पण तिला बारीक स्टेनलेस जाळी पुरते.

रॅट-ट्रॅप पद्धतीची, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी सोडलेली भिंत हीच, असं काही ठेकेदार सांगतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली ती पद्धत विटा वाचवते, उष्णता अडवते, मला प्रिय आहे. पण तिच्यात दर थोड्या अंतरावर आडवी वीट पोकळी ओलांडते. वात जोडलेलीच.

कोल्हापूर शहरात दुमजली घरासाठी मी पोकळ भिंत सुचवणार नाही. जागा आणि खर्च दोन्ही जास्त, त्यापेक्षा पश्चिमेला दोन-अडीच फुटांचा छज्जा काढा. पन्हाळ्याच्या कड्यावर किंवा गगनबावड्याच्या बाजूला बांधत असाल तर पश्चिमेच्या भिंतीपुरता विचार जरूर करा. सुतारवाड्यासारख्या पूर येणाऱ्या भागात मात्र नकोच. पंचगंगेचं पाणी त्याच भोकांतून आत शिरेल, ओसरताना गाळ पोकळीत ठेवून जाईल, आणि तो काढायला विटा फोडाव्या लागतील.