शब्द शोधायला गुणाकार पुरतो
‘चार अक्षरी शब्द सांग, त्यात र आणि ल हवेत’ असा प्रश्न हल्ली सरळ एआय चॅटबॉटला विचारला जातो. उत्तरात कधी तीन अक्षरी शब्द येतो, कधी ल नसलेलाच. यात नवल काही नाही. या यंत्रणा मजकूर अक्षर-अक्षर वाचत नाहीत. त्यांच्यापुढे टोकन नावाचे तुकडे येतात आणि एका तुकड्यात किती अक्षरं आहेत हे त्यांना थेट दिसत नाही. या कामाला कृत्रिम बुद्धिमत्तेची गरजही नाही. शब्दांची एक चांगली यादी, नीट मोजलेली लांबी आणि शाळेतल्या मूळ संख्या एवढ्यावर भागतं.

आणखी एक गैरसमज आहे: संगणक अक्षरांची उलटापालट करून शब्द ‘बनवतो’. तसं केलं तर 34 व्यंजनं 5 जागांवर मांडण्याचेच 4,54,35,424 प्रकार होतात, तेही काना-मात्रा न धरता. म्हणून शोध नेहमी उलट्या बाजूने घेतात. यादीतला प्रत्येक शब्द उचलायचा आणि तो अटीत बसतो का, एवढंच पाहायचं. ही तपासणी झटपट व्हावी यासाठी एक फार देखणी युक्ती आहे.

प्रत्येक व्यंजनाला एक मूळ संख्या द्यायची. र = 2, क = 3, त = 5, ल = 7, न = 11, स = 13, म = 17, आणि असंच पुढे. वारंवार येणाऱ्या अक्षरांना लहान संख्या द्याव्यात, म्हणजे गुणाकार आटोक्यात राहतात. काना, मात्रा, वेलांट्या तूर्त सोडून द्यायच्या. आता शब्दातल्या व्यंजनांच्या संख्यांचा गुणाकार करायचा. ‘कलाकार’ म्हणजे 3×7×3×2 = 126. ‘तरलता’ म्हणजे 5×2×7×5 = 350. ‘समतल’ म्हणजे 13×17×5×7 = 7735.

र आणि ल हवेत, म्हणजे 2×7 = 14. मग प्रश्न इतकाच उरतो: शब्दाच्या संख्येला 14 ने नि:शेष भाग जातो का? 126 ला जातो, 350 ला जातो, 7735 ला जात नाही, कारण ‘समतल’मध्ये र नाही. आणि भागाकार नुसतं हो किंवा नाही सांगत नाही. 126 ÷ 14 = 9, म्हणजे 3×3: उरलेली दोन्ही अक्षरं क आहेत. 350 ÷ 14 = 25, म्हणजे दोन त. कोणती अक्षरं शिल्लक आहेत ते उत्तरातच लिहिलेलं असतं! ‘क दोनदा हवा’ अशी अट असेल तर 9 ने भागायचं. काही अक्षरं नको असतील, समजा न आणि म, तर 11×17 = 187 आणि शब्दाची संख्या यांचा मसावि काढायचा; तो 1 आला तरच शब्द ठेवायचा. हातातल्या क, म, ल, र, त, स यांतून कोणते शब्द होतात हे पाहायचं तर भागाकार उलटा करायचा: या सहा अक्षरांचा गुणाकार 46410; त्याला ‘कमल’च्या 357 ने नि:शेष भाग गेला, म्हणजे तो शब्द होतो, आणि 130 उरतात, म्हणजे र, त आणि स.

हे जमतं ते अंकगणिताच्या मूलभूत सिद्धान्तामुळे. 1 पेक्षा मोठ्या कोणत्याही पूर्ण संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. नावाच्या अक्षरांना आकडे देऊन भविष्य सांगणारे नेमकं याच्या उलट करतात: आकड्यांची बेरीज घेतात आणि ती 1 ते 9 पर्यंत खाली आणतात. 13 ही बेरीज 6 आणि 7 ची की 5 आणि 8 ची, हे परत कळायला मार्गच नाही. जगातली सगळी नावं नऊ ढिगांत टाकून प्रत्येक ढिगाला एक स्वभाव चिकटवायचा, याला शास्त्र म्हणू नये.

आता देवनागरीतली खरी अडचण: लांबी. ‘विज्ञान’ आपल्याला तीन अक्षरी. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, मात्र त्याची सात चिन्हं (व, ि, ज, ्, ञ, ा, न) आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत 21 बाइट. जावास्क्रिप्ट किंवा पायथनसारख्या प्रोग्रामिंगच्या भाषेला लांबी विचारली की 7 मिळतात. अक्षरसमूह मोजणारं सॉफ्टवेअरही जुनं असेल तर ज् आणि ञा वेगळे धरून 4 सांगतं. जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीत, 2023 मध्ये आला. हाताने मोजायचा नियम सोपा आहे. व्यंजनं आणि सुटे स्वर मोजा, त्यातून पुढे व्यंजन असलेले हलन्त (पाय मोडण्याची चिन्हं) वजा करा. ‘विज्ञान’: 4 − 1 = 3. ‘अर्थात्’: 4 − 1 = 3, कारण शेवटच्या हलन्तापुढे काही नाही.

मोजण्याआधी यादी साफ करावी लागते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडचं प्रमाणित रूपांतरही त्यांना एक करत नाही. दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्या आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हं पुसा. क्रम उलटला तर अर्धा र रफार होऊन बसतो. ‘ॲ’चंही तसंच: एकच चिन्ह, किंवा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. संख्या देताना ऱ ला र चीच संख्या द्या.

34 व्यंजनं आणि 13 सुटे स्वर धरले तर 47 मूळ संख्या लागतात, सत्तेचाळिसावी 211. शब्दातली सगळी अक्षरं हीच, असा सर्वांत वाईट प्रसंग धरला तर तिचा आठवा घात संगणकाच्या 64 बिटांत (0 किंवा 1 च्या 64 जागांत) मावतो, नववा मावत नाही. मग काही प्रोग्रामिंग भाषांत संख्येचा न मावणारा भाग मुकाट्याने गळून पडतो आणि भागाकार खोटी उत्तरं देतो. जावास्क्रिप्टमध्ये 9007199254740991 च्या पुढे पूर्णांक बिनचूक राहण्याची हमी नाही, म्हणजे सातव्या घातालाच गडबड. तिथे बिगइंट हा कितीही मोठे पूर्णांक ठेवणारा प्रकार वापरा. मोठ्या यादीवर वेग हवा असेल तर प्रत्येक अक्षराला 64 पैकी एक बिट द्या आणि बिटवाइज अँडने, म्हणजे दोन संख्यांचे बिट जागच्या जागी ताडून पाहणाऱ्या क्रियेने, तपासा. ते भागाकारापेक्षा जलद चालतं, पण दोनदा आलेला क त्यात एकदाच दिसतो. दोन्ही पद्धतींत लांबीनुसार गट आधी पाडलेले असावेत.

‘तिसरं अक्षर ल’ ही अट मात्र गुणाकाराला पेलत नाही. ‘कमल’ आणि ‘कलम’ दोन्ही 357. तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी 1931 मध्ये यावरही तोड वापरली होती: मूळ संख्या जागेला द्यायची आणि चिन्हाचा क्रमांक घातांकात लिहायचा. तर्कशास्त्राच्या सिद्धतेसाठी ते अप्रतिम आहे, पण चौथ्या जागी 47 क्रमांकाचं अक्षर आलं की 7 चा 47 वा घात येतो. शब्द शोधताना गुणाकाराने चाळून उरलेले थोडे शब्द घ्यावेत, त्यांची अक्षरं वरच्या नियमाने सुटी करावीत आणि तिसऱ्या घरात ल आहे का ते सरळ पाहावं.